बाळंतिणीच्या घराला जळण किती? रान राखायच्या नियमात हे कुठं लिहायचं?

जांबोटीकडची अंगणवाडीताई

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. जांबोटी-कणकुंबी रस्ता सोडून आत पाऊण तास चाललं की आमची वाडी लागते. बेचाळीस घरं. मी अंगणवाडीत आहे, बचत गटाचं दप्तरही माझ्याकडंच असतं. प्रश्न जरा लांब आहे, पण मधलं काही गाळलं तर कळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

वाडीच्या वरच्या अंगाचा डोंगर मी लग्न होऊन आले तेव्हा उघडा पडला होता. नुसती कारवी आणि दगड. सात वर्षांपूर्वी गावानं देवळात बसून ठरवलं की तिथं कुऱ्हाड लावायची नाही, जनावर सोडायचं नाही, आणि रोज रात्री पाळीनं दोन घरांनी राखण करायची. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी सांगितलंही नव्हतं. ऐन, किंजळ आणि जांभळीच्या जुन्या बुंध्यांना फुटवे आले आणि आता ते माणसाच्या वर गेलेत. खालचा झरा आधी शिमग्याला आटायचा, तो आता वळवाचा पाऊस येईपर्यंत बारीक का होईना वाहतो. हे सगळं मला हवं आहे. मी डोंगर उघडा करा म्हणायला इथं आलेली नाही, हे आधीच सांगते.

नियम असा आहे: दर घराला आठवड्याला वाळक्या लाकडाचे दोन भारे, सोमवारी आणि शुक्रवारी. जास्त आणलं तर दोनशे रुपये दंड.

यंदा माघात आमच्या शेजारच्या घरात बाळंतीण होती. नवरा गोव्याला वेर्ण्याच्या कारखान्यात. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. बाळंतिणीची मोठी जाऊ सगळं एकटी ओढते. बाळ अकरा दिवसांचं असताना ती बुधवारी तिसरा भारा घेऊन उतरली आणि देवळापाशी तिला अडवलं. भारा खाली ठेवायला लावून सोडून बघितला. मी तिथंच होते. वेलीनं आवळलेला भारा सोडला, तर आत किंजळीच्या वाळक्या फांद्या आणि कारवीच्या काटक्या, हिरवं एक पान नाही. ती बाजूला उभी, चुंबळ अजून डोक्यावर तशीच, ती काढायचंसुद्धा तिला सुचलं नाही. दंड लिहून घेतला. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. नियमच तसा होता.

संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी बसून हिशेब केला. साध्या घरात चूल दोन वेळा पेटते. या घरात पहाटे पाचला पेटते. आधी बाळंतिणीचं आणि बाळाचं अंघोळीचं पाणी, मग तेल लावल्यावर शेकायची शेगडी, त्यात ओवा-वावडिंगाची धुरी. मग पेज. मग सासूचं अंग पुसायचं, तिची भिजलेली लुगडी आणि बाळाची दुपटी रोज उकळत्या पाण्यात. दुपारी परत पाणी, रात्री परत शेक. चूल विझते ती नऊला. सिलिंडर आहे, पण भरून आणायला जांबोटीला जावं लागतं, आणि न्हाणीचा मोठा हंडा गॅसवर कोण तापवणार? दोन भाऱ्यांत हे घर चार दिवस चालतं. उरलेले तीन दिवस काय करायचं, हे सभेत कोणी विचारलं नव्हतं, कारण ज्यांना माहीत होतं त्या बोललेल्याच नाहीत. सभा रात्री आठला. आम्ही खांबाशी बसलो, सही केली आणि पोरांना वाढायला घरी गेलो.

दुसरी गोष्ट राखणीच्या वहीची. वहीत रात्रीच्या पाळ्या लिहितात आणि त्या पुरुषांच्या नावानं असतात. चौदा घरांतले पुरुष गोव्याला नाहीतर बेळगावला उद्यमबागेत कामाला आहेत. त्या घरांनी माणूस लावून पाळी भरायची, दीडशे रुपये देऊन. पण दिवसा डोंगरावर कोण असतं? गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी पलीकडच्या अंगानं वणवा आला, तो आधी आम्ही बघितला. चौघीजणी होतो. हिरव्या डहाळ्या तोडून झोडपून विझवला, एकीचा पदर जळला. वहीत त्याची ओळ नाही, कारण 'तो पाळीचा भाग नव्हता.' दर वैशाखात झऱ्याचा गाळ आम्ही काढतो, तेही नाही. त्या वहीवर उद्या गावाचं काही ठरायचं झालं तर असं दिसेल, की रान चाळीस पुरुषांनी राखलं.

आता नियम नव्यानं लिहायचे आहेत. घरातल्या आजाऱ्याचं, लहान बाळाचं काम रानाच्या नियमात धरता येतं का? कायद्यात त्याला काही आधार आहे का? आणि बायका बोलतील अशी सभा तुमच्याकडं कोणी घेतली आहे का? कृपया अनुभव असेल तो लिहा.

बेळगावचा, वनहक्काचे अर्ज भरायला मदत करणारा

ताई, आधी एक बघा: तुमची समिती कोणती? आपल्याकडं दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ग्राम अरण्य समिती ही कर्नाटकात १९९३ पासूनच्या संयुक्त वन योजनेतली, तिचा सचिव वनखात्याचा माणूस. २००६ च्या वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा वेगळी. तिथं रान राखायचा, वाढवायचा आणि त्याची व्यवस्था लावायचा हक्क खुद्द ग्रामसभेचा असतो, कलम ३(१)(झ), इंग्रजी प्रतीत तो 'आय' आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची समिती या दोन्हींत नाही, गावानं आपलं आपण उभं केलंय. मला विचाराल तर हेच सगळ्यांत भक्कम. फक्त त्याला कायद्याची चौकट द्या.

चौकट दिली की बायकांचा प्रश्न आपोआप पुढं येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. दावे तपासणारी वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, तीतही एक तृतीयांश बायका हव्यात. खांबाशी बसून सही करणं म्हणजे हजेरी असं कोणी म्हणेल, पण इतिवृत्तात कोण काय बोललं ते लिहायचा आग्रह धरा. आणि सभा वाडीची घ्या. पंचायतीची सभा आठ-दहा गावांची असते, तिथं तुमच्या झऱ्याचं कोण ऐकणार?

जळणाचं म्हणाल, तर कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, औषधी वनस्पती, कंदमुळं यांच्या बरोबरीनं झुडपी लाकूड आणि बुंधे-खोडंही आहेत. म्हणजे वाळकं जळण ही कोणाची मेहेरबानी नाही. पण किती आणायचं हे ग्रामसभेनंच ठरवायचं असतं. रान, पाणी, जैवविविधता सांभाळायची जबाबदारी कलम ५ नं तिच्यावरच टाकली आहे.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. सामूहिक वनसंपदेचा दावा नमुना 'क' मध्ये करतात आणि त्याला पुरावा लागतो. नियम १३ मध्ये पुरावे काय काय चालतात ते दिलंय: चराईची जागा, कंद-फळं गोळा करायच्या जागा, माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्याचे झरे, औषधी झाडांच्या जागा, देवाची झाडं, देवराया, स्मशान. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. हे कोणाला माहीत असतं? दोन वर्षांमागं एका वाडीत आम्ही नकाशा करायला बसलो. पुरुषांनी तासाभरात हद्दी दाखवल्या, चार दगड, दोन नाले, झालं. मग एक म्हातारी आली. तिनं काडीनं मातीत पाण्याच्या सात जागा काढल्या. त्यातल्या तीन कोणाच्याच नकाशात नव्हत्या. एक तर नुसती ओल होती, तिथं चैत्रात वाटीभर पाणी साठतं, म्हणाली, 'गुरं राखताना मी तिथंच पिऊन आले.' तो दाव्यातला आमचा सगळ्यांत चांगला कागद ठरला.

अनुसूचित जमातीत नसलेल्या घरांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते, हे अवघड आहे, खोटं सांगत नाही. म्हणून म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब लिहून घ्या. आणि हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं सांगा, त्यांना २००९ मध्ये अठराशे हेक्टरवर हक्क मिळाला. आपल्याच राज्यात बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये वाघांच्या राखीव क्षेत्रात मिळाला.

नागरगाळीकडचा राखणदार

ताई, मी अकरा वर्षं रात्रीची राखण केलीय, तेव्हा माझं ऐकून घ्या, राग मानू नका.

सवलतीनं रान जातं. आमच्या गावात पहिली सवलत लग्नघराला दिली. ती बरोबरच होती. मग वास्तुशांतीला, मग जत्रेला. तिसऱ्या वर्षी एक जण 'घरात आजारी आहे' म्हणून भारे आणत होता आणि ते धाब्यावर जात होते. आम्ही त्याला धरला तेव्हा अर्धा उतार मोकळा झाला होता. त्या वर्षी मी राखणीला जाणंच सोडलं होतं. सांगायची गोष्ट एवढीच, की नियम कडक होता म्हणूनच तुमच्या डोंगरावर आज माणसापेक्षा उंच किंजळ आहे.

पण त्या बाईला दंड व्हायला नको होता, हेही मी म्हणतो. आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. घरामागचे भारे मोजणं बंद केलं. पावसाळा संपला की पडलेलं, मोडलेलं लाकूड सगळ्या गावानं दोन दिवस मिळून गोळा करायचं आणि देवळामागच्या पडवीत रचायचं. तो गावाचा साठा. बाळंतीण, आजारी, मयत, ज्या घरात कर्तं माणूस नाही, त्यांना त्यातनं द्यायचं. रानात कोणी जास्तीचं जायचं नाही. कोणाला किती द्यायचं ते तीन बायका ठरवतात. हे पुरुषांकडं ठेवून बघितलं होतं, नातं बघून वाटप होत होतं. बायकांना कोणाच्या घरात खरंच चूल दिवसभर पेटते ते धुरावरनं कळतं, त्यांना फसवता येत नाही.

आणखी एक. जवळचं रान बंद केलं की बायका लांब जातात. आमच्याकडं अस्वल आहे, गवा आहे. भारा डोक्यावर असताना बाईला मान वळवता येत नाही, पळताही येत नाही. बंदी घालताना कोणत्या वाटेनं जायचं ते पण ठरवा, आणि एकटीनं जायचं नाही हे लिहा.

गवळीवाड्याची नात, सध्या बेळगावात नर्सिंगला

ताई, वाचून आजीची आठवण आली. शिकेकाई काढायला गेली की ती अर्धा वेल तसाच ठेवायची. मी लहानपणी विचारलं, 'आजी, वरच्या शेंगा का सोडालीस?' तर म्हणाली, 'त्या पुढल्या सालच्या पोरीच्या हायत.' हिरडा खाली पडलेलाच वेचायचा, फांदी वाकवायची नाही. देवाच्या रानात तर वाळकी काटकीसुद्धा घ्यायची नाही, तिथं चप्पल घालून गेलेलं तिला चालायचं नाही. हे नियम कोणी सभेत केले नव्हते.

पण मला दुसरंच सांगायचंय. ती शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं आईनं केलं. त्या दोन वर्षांत आई रानात गेली ती फक्त जळणाला, धावत जायची आणि धावत यायची. वेल अर्धा ठेवायला सवड लागते हो. हाताला येईल ते ओढून आणायची आणि नंतर स्वतःच हळहळायची. म्हणून तुमचा प्रश्न मला फार पटला. घरात मदत मिळाली तर बाई रानाचंही नीट बघते.

सभेबद्दल: आमच्या वाड्यावर सकाळी अकराला, पाणवठ्याजवळ घेतली होती. त्या दिवशी पोरं आणि स्वयंपाक पुरुषांनी बघायचा असं आधीच ठरवलं होतं. आमटी खारट झाली, पण सभा दोन तास चालली. म्हाताऱ्या बायका आधी बोलतील असंही ठरवा. सुना त्यांच्यापुढं बोलत नाहीत, पण त्यांच्यानंतर बोलतात.

हल्याळकडची माहेरवाशीण

थोडंच लिहिते. चुलीचंही बघा. माझ्या माहेरी 'अस्त्र ओले' (कन्नडात ओले म्हणजे चूल) होती, तीन भांड्यांची, धुराडं असलेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' विभागानं बनवलेली चूल ती. जळण खरंच कमी लागायचं आणि आईचा खोकला गेला. पण तिला लाकूड बारीक फोडून लागतं आणि धुराडं वरचेवर झाडावं लागतं, ते पण आईच करायची. चूल द्यायची तर लाकूड फोडायचं काम घरातल्या गड्यांनी घ्यायचं, हे बरोबरच ठरवा. नाहीतर दोन वर्षांनी लोक परत तीन दगड मांडतात. आमच्या गल्लीत तसंच झालं.

जांबोटीकडची अंगणवाडीताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी तुमची उत्तरं छापून आणली आणि गटात वाचून दाखवली. नागरगाळीच्या दादांचं तर दोनदा वाचलं. राग कशाला मानू, तुमच्यासारख्यांनी रात्री जागून काढल्या म्हणून आज बोलायला रान आहे.

परवा सभा झाली. झऱ्याजवळ, सकाळी अकराला. एकसष्ट माणसं आली, त्यात एकोणतीस बायका. सगळ्यांत आधी वाडीतली सगळ्यांत थोरली आजी बोलली. तिनं कायदा वगैरे काही काढलं नाही. तिनं विचारलं, 'तुमच्यातल्या कितीजणांच्या बाळंतपणाला मी पाणी तापवलं, हात वर करा बघू.' सव्वीस हात वर झाले. दंड लिहिणाऱ्याचाही त्यात होता. मग तिनं सांगितलं एकेका बाळंतपणाला जळण किती लागायचं आणि ते कुठून यायचं. त्यानंतर सुना बोलायला लागल्या, अगदी नर्सिंगवाल्या ताईंनी लिहिलं तसंच.

साठ्याचं ठरलं. दसऱ्यानंतर दोन दिवस सगळ्यांनी लाकूड गोळा करायचं. तोवरची सोय म्हणून ज्या घरात दीड महिन्याच्या आतलं बाळ आहे त्यांना आठवड्याला दोन भारे जास्त, आणि ते आणून द्यायचे त्या आठवड्याच्या राखणीच्या पाळीतल्या घरांनी. बाळंतिणीच्या जावेनं परत डोंगर चढायचा नाही. हे मीच मांडलं होतं, जास्तीचे भारे आणायला तिलाच जावं लागलं तर सवलतीचा काय उपयोग? जिच्याकडून दंड घेतला होता तिचे दोनशे परत दिले. तिनं ते देवळाच्या पेटीत टाकले. मला ते आवडलं नाही, तिला त्या पैशाची गरज होती. पण तिची इच्छा.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं मात्र मान्य झालं नाही. 'म्हातारं माणूस प्रत्येक घरात असतंच,' असं म्हणाले. मी म्हणाले, असतंच, पण ज्याचं अंथरूण रोज धुवावं लागतं ते प्रत्येक घरात नसतं. त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही आणि विषय पुढच्या सभेवर गेला. मी तो सोडणार नाही. वाडीत अशी पाच घरं आहेत, पाचही घरांत ते काम एकेकट्या बाईवर आहे.

नमुना 'क' चा ठराव होऊ शकला नाही. मतदार यादीत आमची एकशे अठ्ठेचाळीस नावं, निम्म्यांना तेरा कमी पडले. गोव्याची माणसं आता चवथीलाच घरी येतील, म्हणून सभा तेव्हाच घ्यायची ठरली. चवथीत बायकांना मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मी मागून घेतलीय. बेळगावच्या दादांना विचारायचंय: इतिवृत्त मराठीत लिहून त्याला कन्नड प्रत जोडली तर चालेल ना? आजीचा जबाब तिच्या शब्दांत राहावा असं मला वाटतं. कन्नड प्रतीचं काम पंचायतीतला एक मुलगा करून देतो म्हणालाय. जबाब मी या आठवड्यातच घेऊन ठेवते, आजीची तब्येत बरी नाही.

आणि राखणीच्या वहीत दिवसाचं पान सुरू झालं. ज्यांना लिहिता येत नाही त्या अंगणवाडीत येऊन सांगतात, मी लिहिते. काल सकाळी शेजारची ती जाऊ आली, पदराला राख लागलेली. तिनं सांगितलेलं असं लिहिलंय: 'सकाळी सात. वरच्या किंजळीपाशी धूर. कोणीतरी विडी टाकलेली. तिघींनी विझवला. पाणी नव्हतं, मातीनं.' खाली तिघींचे अंगठे.